खवाट्याखालची गाठ

माझ्या उजव्या खवाट्याखाली एक हाड जादा होतं. खवाटा म्हणजे पाठीवर, खांद्यामागं जे चपटं तिकोनी हाड असतं ते. बोकडाचं असलं की त्यालाच फरा म्हणतात. माहेरी आमची मेंढरं होती, त्यामुळं फरा कसा असतो हे मला लहानपणापासून माहीत. पातळ असतो, उन्हात धरला तर मधून उजेड दिसतो. माणसाचाही तसाच असतो हे मला सांगलीत कळलं. आणि ते कळेपर्यंत माझा हात खांद्यापासून कापायचं ठरून गेलं होतं.

ते हाड कधी उगवलं ते मला ठाऊक नाही. पोरगी असताना हात वर करून खाली आणला की पाठीत कट् कट् वाजायचं. दुखत नव्हतं. मेंढरांमागं येणाऱ्या पोरी माझ्या पाठीला कान लावायच्या आणि हसायच्या. मीही मुद्दाम वाजवून दाखवायचे. चौथीनंतर शाळा सुटली, पुढं लग्न झालं. सासरही माण तालुक्यातलंच, तसंच कोरडं. जात्यावर बसले की पाठीतला आवाज दगडाच्या घरघरीत मिसळायचा. सासूनं पहिल्या महिन्यातच ऐकला.

"पाठीत घुंगरं बांधून दिल्याती का गं म्हायेरनं?" ती म्हणाली.

मी म्हटलं, "व्हय, तुमच्या चांदीपरीस तीच बरी."

आमचं दोघींचं बोलणं असंच असायचं. सासरे नव्हते. मालक फौजेत, वर्षातून एकदा रजेवर येणार. घरात मी, सासू आणि माझी पोरगी. पोरगी तेव्हा नुकती उभी राहायला लागली होती.

मग दुष्काळ पडला. त्याबद्दल लोकांनी पुष्कळ लिहिलंय, मी लिहीत नाही. मला एवढंच सांगायचंय की सगळा गाव सरकारी कामावर खडी फोडायला गेला आणि मीही गेले. दिवसभर उजव्या हातानं हातोडा मारायचा. आठवड्याभरात पाठ दुखायला लागली. सगळ्यांचीच दुखत होती, म्हणून कोणाला सांगितलं नाही. महिन्याभरात खवाट्याखाली गाठ हाताला लागायला लागली. आधी लिंबाएवढी, मग कवठाएवढी. खवाटा पाठीपासून सुटून वर आला, कोंबडीनं एक पंख अर्धा उघडावा तसा. हातोडा वर नेला की मध्येच काहीतरी अडायचं आणि हात तिथंच राहायचा.

मुकादम म्हणाला, "काय बाई, दगडाला आशीर्वाद देताय व्हय?"

बायका हसल्या. मीही हसले. दुसऱ्या दिवशी हात छातीच्या वर जाईना, तेव्हा कोणी हसलं नाही.

सासूनं तिला येत होतं ते सगळं केलं. तेल लावून चोळलं, त्यानं गाठ आणखी फुगली. बिब्बा घातला, त्यानं कातडी भाजली. मग ती गावाबाहेरच्या म्हसोबाला गेली. म्हसोबा म्हणजे शेंदूर लावलेला धोंडा. वर्षानुवर्षं शेंदूर आणि तेल थापून त्याच्यावर बोटभर जाडीची साल चढते. ती साल आपोआप सुटून पडली तर देवानं अंगरखा टाकला म्हणतात, आणि तिचा तुकडा दुखण्याला लावतात. खायला मात्र देत नाहीत. शेंदूर पोटात गेला की आवाज बसतो, हे आमच्याकडं लहान पोरालाही कळतं. सासूनं त्या सालीचा तुकडा आणला, तेलात कुटला आणि माझ्या गाठीवर थापला. रोज नवा थर. अवस होईपर्यंत पाठ धुवायची नाही, असं पुजाऱ्यानं सांगितलेलं.

दुखणं थांबलं नाही. अवसेच्या आधीच मला ताप आला आणि हाताला मुंग्या यायला लागल्या. तेव्हा सासू घाबरली. ती घाबरली की जास्त ओरडायची. ओरडतच तिनं पोरगी शेजारी ठेवली आणि मला एस.टी.त घालून साताऱ्याला नेलं.

साताऱ्यात डॉक्टरनं गाठ लुगड्यावरूनच दाबून पाहिली आणि फोटो काढायला पाठवलं. एक्स-रेला तेव्हा आम्ही फोटोच म्हणायचो. फोटो काढणारा म्हणाला, चोळी काढा. सासू मध्ये उभी राहिली.

"कापडावरनं न्हाई का निघत तुमचा फोटू?"

"निघतो, पण..."

"मग काढा की. हाडाचा काढायचाय ना? कापडानं हाड झाकतंय व्हय?"

रांग मोठी होती म्हणून की काय, त्यानं वाद टाळला. चोळी तशीच ठेवून, छाती फळीला टेकवून फोटो काढला. चोळीला आतून शेंदराचे डाग पडून वाळले होते. त्याखाली पाठीवर थर होता. कोणी पाहिलं नाही आणि आम्ही सांगितलं नाही. अंगाला देवाचं काही लावलेलं असलं तर ते डॉक्टरला सांगायची गोष्ट असते, हे कोणाच्या डोक्यात येणार?

डॉक्टरनं फोटो खिडकीकडं धरला. बराच वेळ धरला. मला काळ्यावर पांढऱ्या बरगड्या दिसल्या आणि त्यांच्यावर चुन्याचे शिंतोडे उडावेत तसे ठिपके. गाठीच्या जागी दाट, कडेला विरळ. तो मला काही बोलला नाही. सासूला म्हणाला, "मालक कुठं आहेत हिचे?"

"फौजेत."

"बोलवून घ्या. ही गाठ चांगली दिसत नाही. एवढ्या लवकर वाढलीय, आणि फोटोत अशी विखुरलेली दिसतेय. हाडाचा कॅन्सर वाटतो."

"म्हंजी काय करायचं?"

"हात खांद्यापासून, खवाट्यासकट काढावा लागेल. सांगलीला किंवा मुंबईला न्या. उशीर करू नका."

"काढल्यावर बरी व्हईल?"

डॉक्टरनं फोटो पाकिटात घातला आणि म्हणाला, "सांगता येत नाही."

मी तिथंच बसले होते. माझ्याशी कोणी बोललं नाही, पण कान मला होते.

परत येताना सासू पुसेगावपर्यंत गप्प होती. ती गप्प बसल्याचं मी त्याआधी पाहिलं नव्हतं. पुसेगावला एस.टी. थांबली तेव्हा तिनं विचारलं, "काय खाशील?"

"न्हाई."

"खा. उपाशी राहून काय हात वाचणार हाय?"

तिनं शेंगदाणे घेतले. मी डाव्या हातानं खाल्ले. उजवा मांडीवर पडला होता. तो माझाच हात, पण आता मी त्याच्याकडं दुसऱ्याची वस्तू सांभाळायला दिल्यासारखी बघत होते.

घरी आल्यावर शेजारणी जमल्या. मी आत चुलीपुढं होते. सासू ओट्यावर बोलत होती, आणि तिचा आवाज हळू होऊच शकत नव्हता.

"एका हाताची बाई घरात ठिवून मी काय तिची आरती करू? मी किती दिस पुरणार? पोराला परत बोहल्यावर उभा करायला पायजे. माझ्या भावाची हाय एक पोरगी. काळी हाय जरा, पण हातपाय धड हायती."

तिला वाईट म्हणायला माझी जीभ वळत नाही. ती हिशोबी बाई होती. पाणी मैलावरून आणायचं, दळायचं, थापायचं, शेण काढायचं, पोर उचलायचं. या सगळ्याला दोन हात लागतात. तिच्या जागी मी असते तर मीही तेच बोलले असते, फक्त ओट्यावर नाही.

दुसऱ्या दिवशी सासू पाण्याला गेल्यावर मी पोरीला घेऊन गोठ्यात गेले. जनावरं सरकारी चारा छावणीवर होती, गोठा रिकामा होता. एका चिंधीनं मी उजवा हात कमरेला बांधला. म्हटलं, बघू तर खरं कसं होतं ते. केर काढता आला. कोपऱ्यातली चूल पेटवता आली, वेळ लागला पण पेटली. पोरीला उचलायला गेले. एका हातानं तिला काखेत घेता येईना, ती निसटून खाली बसली आणि रडायला लागली. परातीत पीठ मळलं, पण परात फिरायला लागली. तिला पायानं धरली. भाकरी एका हातानं थापली, ती तव्यावर टाकताना मोडली. मग चोळीची गाठ सुटली. ती मला बांधता येईना. दात लावले, खुंटीला अडकवून ओढलं, तरी येईना. तशीच उघड्या छातीनं मी गोठ्यात बसले होते आणि पोरगी समोर रडत होती.

जीव द्यावा असं मनात आलं. पण द्यायचा तर विहिरीत द्यायचा, आणि विहिरीला पाणी नव्हतं. त्या साली आमच्याकडं मरायचीसुद्धा सोय नव्हती. हे मी विनोदानं लिहीत नाही. मी खरंच जाऊन वाकून पाहिलं. तळाला चिखल होता आणि एक मेलेलं कावळ्याचं पिल्लू. मी परत आले.

माझा भाऊ सांगलीत हळदीच्या गोदामात कामाला होता. त्याला निरोप गेला आणि तो आला. अंगाला नेहमीसारखा हळदीचा वास. त्यानं सासूला नमस्कार केला आणि म्हणाला, "मी हिला घिऊन जातो."

"न्या. हात काढायचाच हाय तर सांगलीतच काढू द्या. पर तिथं पैला फोटू दाखवा, नायतर भलताच हात काढत्याल."

"आत्ती," मी सासूला म्हटलं, "पोरीला दूध कोमट करून द्या."

"मला शिकवू नगंस. तुज्या नवऱ्याला वाढवलंय मी."

आम्ही सांगलीला निघालो. विट्याला उतरून आम्ही दुसरी गाडी धरली. त्यानं मालकांना तार केली होती. मला म्हणाला, "भिऊ नगंस." मी म्हटलं, "भिऊन झालंय माझं."

विश्रामबागेत एक हाडांचे डॉक्टर होते. बुटके, चिडके, तोंडात सारखी लवंग. त्यांनी साताऱ्याचा फोटो पाहिला, मला पाहिलं, परत फोटो पाहिला.

"पाठ दाखव."

मी पदर घट्ट धरला. त्यांनी नर्सला बोलावलं आणि स्वतः बाहेर गेले. नर्स मिरजेकडची होती, कानडी वळणाचं बोलायची. तिनं मला पडद्यामागं नेऊन चोळी सोडायला लावली आणि बघतच राहिली.

"हे काय गं बाई? पाठ हाय का देऊळ?"

"म्हसोबाचं हाय. अवस होईपर्यंत धुवायचं न्हाई."

"अवस तुमच्या गावात. हितं पाठ कोरी लागती."

"नगा धुऊ. देवाचं हाय."

"देव काय पाठीला चिकटून बसत न्हाई. हात वर कर."

"वर जात न्हाई."

"मग खालीच ठेव. मी धुते."

तिनं कापसाला काहीतरी थंड, झोंबणारं लावून खरवडलं, मग गरम पाणी, मग साबण. बादलीतलं पाणी तांबडं झालं. मला वाटलं, संपलं. हात जाणार होताच, आता देवही गेला. मी रडले नाही. नर्स म्हणाली, "रड की, कुणी बघत न्हाई." मी म्हटलं, "रडून पाठ निघत असली तर रडते."

इथं फोटो काढणाऱ्यानं मला पाठीला नाड्या असलेला झगा घालायला दिला. आधी छाती फळीला लावून एक फोटो काढला. मग त्यानं मला तिरकं उभं केलं, उजवा हात धरून हळूच डाव्या खांद्यावर ठेवायला लावला आणि म्हणाला, "असंच. श्वास धरा." तेवढं करायलाही मला घाम फुटला. खवाटा समोरून घेतला तर तो बरगड्यांवर पडतो आणि सगळं एकात एक दिसतं, म्हणून तो कडेवर घ्यावा लागतो, सुरी आडवी न दाखवता धारेकडून दाखवावी तसा. हे मला नंतर डॉक्टरांनी सांगितलं. तेव्हा मला एवढंच कळत होतं की इथली माणसं माझ्या पाठीवर साताऱ्यापेक्षा जास्त मेहनत घेतायत. मला वाटलं, मोठा हात कापायचा आहे म्हणून.

डॉक्टरांनी भावाला आणि मला आत बोलावलं. भिंतीवर दिव्याची पेटी होती, तिच्यावर जुना आणि नवा फोटो शेजारी शेजारी लावला होता. जुन्यात शिंतोडे होते. नव्यात नव्हते. एकही नव्हता.

"पाठीला काय लावलं होतं?" डॉक्टरांनी विचारलं.

नर्स दारातून म्हणाली, "शेंदूर, डॉक्टर. जाड थर होता."

डॉक्टरांनी लवंग एका गालातून दुसऱ्या गालात नेली.

"शेंदरात शिसं असतं. शिशातून एक्स-रे जात नाही. हा तुमचा म्हसोबा फोटोत आलाय." ते जुन्या फोटोवर बोट मारत होते. "याच्यावरून हात काढणार होते? आणि कपडे काढल्याशिवाय फोटो घेतलाच कसा?"

भाऊ हसला. एकदम मोठ्यानं हसला, मग थांबला, कारण मी हसत नव्हते. मी विचारलं, "म्हंजी गाठ न्हाई?"

"गाठ आहे. हे बघ."

त्यांनी तिसरा फोटो लावला, कडेवरून काढलेला. त्यात खवाटा एका पांढऱ्या रेघेसारखा दिसत होता, आणि त्या रेघेच्या आतल्या अंगाला, बरगड्यांकडं, एक हाड बाहेर आलं होतं. देठ आणि वर गोल डोकं. पावसाळ्यात उकिरड्यावर कुत्र्याची छत्री उगवते, अगदी तशी.

"हाडावर हाड उगवतं," डॉक्टर म्हणाले. "लहानपणी उगवतं, माणूस वाढतो तोवर वाढतं, मग थांबतं. बहुतेकांना काही त्रास देत नाही. तुझं नको त्या जागी आहे, खवाटा आणि बरगड्यांच्या मध्ये. हातोडा मारून मारून ते बरगड्यांवर घासलं आणि तिथं पाण्याची पिशवी धरली. गाठ वाढली ती पाण्याची. हाड वाढलेलं नाही, असं मला वाटतं."

"वाटतं?" मी म्हटलं.

त्यांनी माझ्याकडं नीट पाहिलं. इतक्या दिवसांत माझ्याकडं नीट पाहणारे ते पहिलेच डॉक्टर.

"वाटतं. फोटोवरून नव्वद टक्के कळतं, सगळं कळत नाही. ते काढायचं आणि तपासायला पाठवायचं. साधं निघालं तर तुझा हात तुझा. वाईट निघालं तर मग साताऱ्याचा डॉक्टर बरोबर होता. त्यासाठी नवऱ्याची सही लागेल, दोन्हीसाठी."

म्हणजे म्हसोबा फोटोतून गेला, पण माझा हात अजून टांगलेलाच राहिला. आशा लागली की भीती जास्त वाटते. आधी मी हात गेला असं धरून चालले होते, चोळी कशी बांधायची याचा विचार करत होते. आता परत तो माझा व्हायला लागला होता आणि परत जाणार असेल तर मला ते सोसणार नव्हतं. झोप गेली. जेवण जाईना.

मालक आले. खाकी कपडे, खांद्यावर बिस्तरा, डोळे जागरणानं लाल. गाडीत उभ्यानं आले होते. दवाखान्यातल्या माझ्या खाटेजवळ बसले आणि माझ्या उजव्या हाताकडं बघत राहिले.

"हात गेला तर पोरीला कशी घेशील?"

"डाव्यानं."

"भाकरी?"

"तुमी करा. मिलिटरीत शिकला न्हाई का?"

"तिथं लंगरवाला करतोय."

"मग त्यालाच आना रजेवर."

ते हसले नाहीत. म्हणाले, "आईचं पत्र आलंय. मामाच्या पोरीचं लिवलंय."

"मग?"

"मग काय. रजा लय कमी मिळाली." एवढंच बोलून ते सही करायला गेले. हो म्हणाले नाहीत, नाही म्हणाले नाहीत. मी तेव्हा फार विचारलं नाही. हात धड असता तर भांडले असते.

भूल देताना तोंडावर जाळी ठेवली. गोडसर, कुजल्यासारखा वास. पुढं काही नाही.

जाग आली तेव्हा सगळ्यात आधी मी उजवा हात शोधला. तो नव्हता. खांद्यापासून खाली काहीच लागत नव्हतं, नुसतं जड कापड. मी डाव्या हातानं चाचपायला गेले, तो खाटेला बांधलेला, त्याला सलाईन होतं. मी ओरडले. काय ओरडले ते मला आठवत नाही, भाऊ सांगतो की मी सासूच्या नावानं शिव्या दिल्या. नर्स धावत आली.

"काय झालं?"

"काढला! न विचारता काढला!"

"काय काढला? गप, गप." तिनं पट्ट्यांच्या आतून माझा उजवा पंजा बाहेर काढला, उचलला आणि माझ्या छातीवर ठेवला. "हा काय. तुझाच हाय का बघ. भूल उतरली की दुखंल, तवा शिव्या दे."

पंजा गार होता. बोटं माझीच होती, हातोड्याच्या घट्ट्यांसकट. मग मी रडले, नर्स म्हणाली होती त्याच्या दसपट. ती शेजारी उभी राहिली.

काढलेलं हाड त्यांनी बाटलीत घालून तपासायला पाठवलं. मला दाखवलं होतं. शेंड्याला निळसर पांढरी टोपी होती, बोकडाच्या सांध्याला असते तशी गुळगुळीत. डॉक्टर म्हणाले, टोपी पातळ आहे, हे चांगलं लक्षण. मी म्हटलं, पक्कं सांगा. म्हणाले, पक्कं कागद आल्यावर.

कागद यायच्या आधी मालकांची रजा संपली. जाताना म्हणाले, "कळव." मी म्हटलं, "काय निघालं ते कळवू, का हात हाय का न्हाई ते?" ते म्हणाले, "दोन्ही एकच की." आणि गेले. ते बरोबर बोलले होते, पण मला तेव्हा त्यांचं तोंड बघवत नव्हतं.

कागद आला त्या दिवशी डॉक्टर खाटेपाशी आले, उभ्यानंच म्हणाले, "साधी. घरी जा." मी विचारलं, "परत येईल?" ते म्हणाले, "मुळापासून काढलीय, बहुतेक नाही." मग दारातून मागं वळून म्हणाले, "आणि वजन उचलायचं नाही. आतले स्नायू सोडवून परत शिवलेत. दोन महिने हंडा नाही, जातं नाही, हातोडा तर नाहीच. उसवलं तर खवाटा कायमचा बाहेर येईल आणि हात वर जाणार नाही."

आनंद झाला का, असं लोक विचारतात. मला थकवा आला. पडून राहावंसं वाटलं.

गावाला आले. सासूनं पाठ उघडी करून टाके पाहिले, बोटानं मोजल्यासारखं केलं. फोटोची हकीगत भावानं तिला सांगितली. तिनं शांतपणे ऐकलं आणि म्हणाली, "म्हंजी देवानं सोताला पुढं केलं म्हणूनच तुमी सांगलीला गेला. न्हाईतर इथंच मेली असती." हात खांद्याला होता. तिनं काही म्हणावं.

तिनं मला पाण्याला पाठवलं नाही, कामावर पाठवलं नाही. पण तिच्या भावाला निरोपही पाठवला नाही की आता तुझ्या पोरीचं नको. ती वाट बघत होती. हात राहिला, हे खरं. चालतो का, हे अजून तिला कळायचं होतं. मालकांचंही काही पत्र नव्हतं. रात्री पोरगी माझ्या डाव्या अंगाला झोपायची आणि मी जागी राहून उजव्या हाताची बोटं उघडझाप करत राहायचे.

आणि एक दिवस दुपारी मामा आले. सासूचा भाऊ. डोक्याला तांबडं पागोटं, पायात नवी वहाण. ते नुसते भेटायला आलेले नव्हते, ते नव्या वहाणेवरून कळत होतं. ओट्यावर बसले. मी आत होते.

"हात राहिला म्हंत्यात," मामा म्हणाले.

"राहिलाय," सासू म्हणाली.

"पर चालतोय का? आक्का, शोभेचा हात काय कामाचा? माझी पोरगी घरात बसलीय. दुसरं ठिकाण सांगून आलंय. मला व्हय का न्हाई सांग."

मी कान देऊन होते. ती हो म्हणाली नाही, पण नाहीही म्हणाली नाही. माझ्या नवऱ्यासारखीच. आई तसा लेक.

अंगणात सासूनं सकाळी टँकरवरून आणलेला हंडा भरून ठेवला होता. मी बाहेर आले. मामांना नमस्कार केला नाही. पदर खोचला, चुंबळ डोक्यावर ठेवली, वाकले आणि दोन्ही हातांनी हंडा धरला. गुडघ्यापर्यंत आला तेव्हा काही वाटलं नाही. छातीपाशी आला तेव्हा पाठीत कोणीतरी कापड फाडावं तसं झालं. डोळ्यांपुढं पांढरं झालं. तिथं सोडला असता तर पाणी सांडलं असतं, आणि त्या साली पाणी सांडणारी बाई कोणालाच नको होती. मी श्वास धरला आणि उजवा हात वर नेला. गेला. हंडा डोक्यावर बसला. मी मामांसमोरून ओटा चढून आत गेले, हंडा खाली उतरवला आणि भिंतीला टेकले. पाठीवरून काहीतरी गरम खाली उतरत होतं. घाम असावा असं मी स्वतःला सांगितलं.

सासू मागोमाग आत आली. तिनं चोळी वर करून पाहिली. बोटाला लागलेलं लुगड्याला पुसलं.

"डॉक्टर काय म्हणला व्हता?"

"तुमाला ठाव हाय काय म्हणला व्हता."

"उसवलं असतं म्हंजी?"

"मग तुमची भाची हायच की."

तिनं माझ्याकडं पाहिलं. मला वाटलं, मारते आता. ती बाहेर गेली. मी आतून ऐकलं.

"हे बघ," ती म्हणाली, "आलेलं ठिकाण सोडू नगंस. पोरीचं उरकून टाक."

"म्हंजी न्हाई?"

"न्हाई. आमची बाई हाय."

मामा म्हणाले, मग चहाला कशाला थांबू. वहाणांचा आवाज अंगणातून लांब गेला. मी चहा आधीच टाकला होता, उभं राहायला काहीतरी हवं म्हणून. सासू आत आली, चुलीपुढं बसली, तिनं चहा गाळला. मामांची कपबशी माझ्यापुढं सरकवली.

"डाव्या हातानं घे," ती म्हणाली. "आणि परत हंड्याला हात लावलास तर मीच तोडीन तो."